घरचे सगळे हजर

अक्काला बसवून पुरलं. लिंगायतांत तसंच करतात हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून ते बघणं वेगळं. मांडी घातलेली, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग. डावा डोळा शांत मिटला होता. उजवा काचेचा होता, त्याच्यावरची पापणी काही केल्या पूर्ण बसेना. स्वामींचे मंत्र चालू होते, माणसं मुठीमुठीनं माती सोडत होती, आणि मला सारखं वाटत होतं की आता ही डाफरणार: "हळूहळू काय पेरायलाव रे? नीट टाका." मातीनं खांदे झाकले, मग गळा. ती काही बोलली नाही. मला ओळखायला लागल्यापासून इतका वेळ ती गप्प बसली नव्हती.

डॉ. महानंदा हुलसुरे हे नाव लातुरात फक्त दवाखान्याच्या पाटीवर होतं. उदगीरच्या एका आडत्याची ही थोरली मुलगी. कानडी शेजारात वाढलेली, म्हणून सगळ्यांची अक्का. पेशंटची अक्का, औषधवाल्याची अक्का, फौजदाराचीही. मी नांदेडचा, भूल देणारा डॉक्टर. भूल देणाऱ्याला एका गावात पाच-सहा दवाखाने असतात आणि त्यातला एकही त्याचा नसतो. ऑपरेशनच्या टेबलाशी त्याची जागा पेशंटच्या उशाशी, पडद्याच्या अलीकडं. दोन केसच्या मधल्या वेळात मी व्हरांड्यातल्या बाकावर वाचत बसायचो. त्यावरून अक्कानं पहिल्याच आठवड्यात माझं नाव पाडलं. "ए पुस्तक, चल. बाई फुटलीय."

"बाई फुटलीय" म्हणजे काय, हे तिच्या दवाखान्यात झाडूवालीलाही कळायचं. गर्भ पिशवीत रुजायच्याऐवजी वाटेतच, नळीत रुजतो. नळी करंगळीएवढी. ती ताणत नाही, फुटते. मग बाईचं सगळं रक्त तिच्याच पोटात साचत जातं, बाहेर फारसं काही दिसत नाही. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल, ओवा द्या. ती बाई स्वैपाकघराच्या फरशीवर, चारचौघांत, स्वतःच्याच रक्तात बुडून मरते. अक्काला या दुखण्याचा एखाद्या माणसाचा करावा तसा राग होता. कातडीवर पहिला छेद घेताना ती मास्कच्या आड दातओठ खायची आणि कानडीत शिव्या द्यायची. त्या शिव्या कधी नळीला असायच्या, कधी ओवा देणाऱ्या सासूला.

ती हे सगळं दुर्बिणीतून करायची. बेंबीत एक भोक, खाली दोन. पोटात गॅस भरायचा, कॅमेरा आत सोडायचा आणि समोरच्या पडद्यावर बघत हात चालवायचे. लातुरात तेव्हा फुटलेली नळी बहुतेक जण पोट उघडूनच काढायचे, आणि खरं सांगायचं तर बीपी ढासळलेल्या बाईच्या पोटात गॅस भरायला मी कायम विरोध केला.

"अक्का, वरचं साठवर आलंय. दुर्बीण नको. उघडा."

"तीन मिनिटं."

"हृदय थांबेल."

"थांबलं तर चालू कर. त्यासाठीच तुला उशाशी बसवलंय."

पडद्यावर काही दिसायचं नाही. नुसता लाल अंधार. सक्शनच्या नळीतून रक्ताच्या गुठळ्या खडखडत बाटलीत पडायच्या. अक्का मोठ्यानं आकडे मोजायची. कुणाकडून चिमटा चुकीचा हातात आला की तो भिंतीवर जायचा. भिंतीला तशा खुणा होत्या. शबाना सिस्टर, जिनं तिच्या हाताखाली अर्धं आयुष्य काढलं, तिच्या मनगटावर तर फटका ठरलेला. "मारो अक्का, मारो, लेकिन पहले पकडो," शबाना शांतपणे म्हणायची. आणि मग त्या लाल अंधारात ती फाटकी नळी सापडायची, चिमटा बसायचा, धूर निघायचा आणि रक्त थांबायचं. तीन मिनिटं झाली आणि नळी सापडली नाही असं माझ्यासमोर दोनदा घडलं. दोन्ही वेळा तिनं स्वतःच हात पुढं केला आणि म्हणाली, "सुरी दे. हरले." तिच्या रागाला शिस्त होती, म्हणून मी तिच्याकडं टिकलो.

रक्त थांबलं, पोट धुऊन झालं, की मग तिची हजेरी. अक्काची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. त्या सुरात अक्का कॅमेरा पोटभर फिरवायची आणि एकेकाचं नाव घ्यायची.

"यकृत?"

"हजर," शबाना म्हणायची.

"जठर?"

"हजर."

"प्लीहा? ए प्लीहा, कुठं लपलीस? हां. हजर. घरचे सगळे हजर. चला, दार लावा."

हे सगळं कॅमेऱ्यात भरलं जायचं, तिच्या आवाजासकट. आम्ही हसायचो. पुढं हीच हजेरी कोर्टात ऐकावी लागेल असं तेव्हा कुणाच्या मनात आलं असतं?

आणखी एक रीत होती. ऑपरेशन झालं की कापून काढलेली नळी ट्रेमध्ये घेऊन अक्का स्वतः बाहेर जायची आणि नातेवाइकांना दाखवायची. आमच्या भागात सगळेच सर्जन दाखवतात. पिशवी, खडे, गाठ, काय असेल ते. न दाखवावं तर लोकांना खरं वाटत नाही. त्यात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे तीन बारीक टाके. एकदा देवणीकडची एक सासू सुनेचं पोट बघून भडकली.

"ह्ये काय आपरेशन हाय? मांजर बोचकारल्यावानी. कापलंच न्हाई तुमी!"

"मावशी, कापलं. आतून."

"आतून कोन बगायलंय? चांगलं ईतभर कापा. गावात काय दावू मी?"

अक्कानं ट्रे तिच्या नाकाखाली धरला. "हे दाव गावात. डबा आणलाय का? भरून देऊ?" सासू पदर तोंडाला लावून पळाली, ती जिन्याखाली जाऊन ओकली. अक्का आठवडाभर ते सांगून हसत होती. "दाखवल्याशिवाय इश्वास बसत नाही बघ, पुस्तक. माणसाला डोळ्यानं दिसलं की भांडण मिटतं."

सुरेखा आली त्या दिवशीही तिनं ट्रे दाखवला.

सुरेखा किल्लारीकडची. वय सव्वीस-सत्तावीस, दोन मुलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर शिबिरात जाऊन नळ्यांवर रिंगा बसवून घेतलेल्या. नवरा बालाजी किल्लारी-लातूर जीप चालवायचा; त्याच जीपमध्ये मागच्या सीटवर आडवी टाकून त्यानं तिला आणलं. ओठ पांढरे, पोट नगाऱ्यासारखं. डाव्या नळीवरची रिंग अर्धवट बसलेली होती, गर्भ तिच्याच मागं रुजून नळी फोडून बाहेर आला होता. शिबिरात नळ्या बंद केलेल्या बायकांत असं क्वचित होतं, पण होतं. आम्ही ते पुस्तकात वाचलेलं होतं आणि टेबलावरही पाहिलेलं होतं. आम्हाला त्यात नवल नव्हतं. तिथंच आम्ही चुकलो.

तीन मिनिटांत रक्त थांबलं. हजेरी झाली. अक्का ट्रे घेऊन बाहेर गेली, मी मागोमाग.

"हे बघा. नळीत गर्भ राहिला होता. नळी फुटली. आता धोका नाही."

बालाजी ट्रेकडं बघत राहिला. उंच, शांत माणूस होता. दोन्ही हात पाठीमागं.

"तिचं कुटुंबनियोजन झालंय," तो म्हणाला.

"होतं कधी कधी," अक्का म्हणाली आणि वळली. आत दुसरी बाई कळा देत होती.

तेवढंच. होतं कधी कधी. तीन शब्द.

मी बाकावर जाऊन बसलो, पुस्तक उघडलं. थोड्या वेळानं तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, आपरेशन झालेल्या बाईला राहतंय का?" धडा संपत आला होता. मी मान वर केली नाही. अक्काच्या केबिनकडं बोट केलं. "मॅडमना विचारा." त्याच्या चपला मला पानाच्या खालच्या कडेपलीकडं दिसत होत्या. मग त्या गेल्या, पण केबिनकडं नाही, जिन्याकडं.

तिसऱ्या दिवशी सुरेखाला सुट्टी दिली. जाताना ती अक्काच्या टेबलाशी घुटमळली. हे मला शबानानं नंतर सांगितलं.

"अक्का, येक कागद लिहून देताव का? आपरेशन झाल्यावर बी राहतंय म्हून. ह्यांच्यासाठी."

"कार्डावर सगळं लिहिलंय, बाई. जा, आराम कर. जड उचलू नको."

कार्डावर सगळं लिहिलं होतं. इंग्रजीत.

दहाव्या दिवशी दुपारी तिच्या भावानं तिला उचलून आणलं. डाव्या बरगड्यांवर टाचेच्या खुणा होत्या, एकीखाली एक, तीन ठिकाणी. बेंबीतला आमचा टाका उसवला होता. नाडी हाताला लागत नव्हती. एकदाच डोळे उघडून ती "कार्ड... पिशवीत हाय" एवढं म्हणाली. अक्कानं दुर्बिणीकडं बघितलंही नाही. सुरी मागितली. छातीपासून खालपर्यंत एका दमात पोट उघडलं, त्या देवणीच्या सासूला हवं होतं तेवढं, आणि रक्त टेबलावरून ओसंडून आमच्या चपलांत आलं. प्लीहा फुटली होती. अक्कानं हात आत घालून तिचं मूळ मुठीत आवळून धरलं आणि ओरडली, "रक्त लाव! पुस्तक, रक्त!" मी लावत होतो. दोन्ही हातांनी पिशव्या पिळत होतो. हृदय थांबलं तेव्हा मी ते चालू करायला गेलो. चालू झालं नाही. अक्कानं तरी मूठ सोडली नाही. शबानानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

तोवर खाली दोन जीप येऊन थांबल्या होत्या. बालाजीचा थोरला भाऊ, चुलते, आणखी दहा-पंधरा जण. "डॉक्टरनं मारली! आपरेशन बिघडवलं!" पहिल्या आवाजाबरोबर खालच्या औषधाच्या दुकानाची काच गेली. सुरेखाचा भाऊ काही सांगायला पुढं झाला, त्याच्या डोक्यात त्यांनी खुर्ची घातली. मी अक्काला म्हणालो, "मागच्या दारानं निघा."

"माझ्या दवाखान्यात मेली. मीच सांगणार."

कुणीही गेलं तरी ती स्वतःच बाहेर जाऊन सांगायची. कोपरापर्यंत रक्तानं माखलेली ती जिन्याच्या माथ्यावर उभी राहिली. त्या दिवशी हातात ट्रे नव्हता. तिनं रिकामे तळहात पुढं केले आणि म्हणाली, "तिला लाथा घातल्यात. कुणी घातल्या ते तुम्हालाच ठाऊक. बालाजी कुठाय?" थोरल्या भावानं व्हरांड्यातला सलाइनचा स्टँड उचलला आणि दोन्ही हातांनी फिरवला. वरचा लोखंडी आकडा तिच्या उजव्या डोळ्यात गेला. तो आवाज मी इथं लिहिणार नाही. ती पडली नाही. कठडा धरून उभी राहिली, आणि मी धरायला गेलो तर मलाच कोपर मारून म्हणाली, "आधी त्या पोराचं डोकं बघ."

बालाजी फाटकापाशी, लिंबाच्या झाडाखाली, आपल्या जीपला टेकून उभा होता. हात पाठीमागं.

डोळा गेला. तीन महिन्यांनी अक्का परत टेबलाशी उभी राहिली. सगळे म्हणाले, आता दुर्बीण सुटली. ती म्हणाली, "पडदा सपाट असतोय. सपाट बघायला एक डोळा पुरतो." आणि खरंच, आतले तिचे हात पूर्वीसारखेच चालत. अडचण बाहेर होती. जिन्याची शेवटची पायरी चुकायची. सुईत दोरा जायचा नाही. केटलीतून चहा ओतायला लागली की धार कपाच्या बोटभर अलीकडं पडायची. मग ती डाव्या हाताचं बोट कपाच्या काठावर ठेवून अंदाजानं ओतायची आणि बोट भाजून घ्यायची. मदत म्हणून कुणी कप धारेखाली सरकवला तर त्याच्या मनगटावर चमचा बसायचा. मला तो अनेकदा बसला.

खटला चालला. तिकडच्या वकिलाचं म्हणणं एकच, प्लीहा ऑपरेशनमध्येच दुखावली असणार. मग ती पहिल्या ऑपरेशनची फीत लावली. कोर्टाच्या पंख्याखाली अक्काचा दणदणीत आवाज घुमला: "ए प्लीहा, कुठं लपलीस? हां. हजर." पडद्यावर ती जांभळी, गुळगुळीत, अखंड प्लीहा. "घरचे सगळे हजर." साक्षीदारांच्या बाकावर सुरेखाचा भाऊ गुडघ्यात डोकं घालून बसला होता. बालाजीला शिक्षा झाली, स्टँड मारणाऱ्यालाही. निकाल ऐकून अक्का बाहेर आली आणि कोर्टाच्या पायरीवर ठेचकाळली. मी हात दिला. तिनं तो झटकला.

त्यानंतर तिच्या दवाखान्यात सुटीचं कार्ड मराठीत, तिच्या स्वतःच्या हातचं असायचं. ट्रे तिनं बंद केला नाही, पण तो आधी बाईला दाखवायची आणि विचारायची, "नवऱ्याला दाखवू का?" बाई हो म्हणाली तरच त्याला केबिनमध्ये घ्यायची, दार लावायची, अख्खी फीत दाखवायची आणि नळ्या बंद केलेली बाई असेल तर शेवटी म्हणायला लावायची.

"बोला. रिंग सुटू शकते."

"रिंग सुटू शकते."

"बाईचा दोष नाही."

एक हायस्कूलचे मास्तर एकदा अडून बसले. "मॅडम, मी शिकवतो पोरांना. मला समजतं."

"समजतं तर म्हणायला काय जातंय? मोठ्यानं. बाहेर तुमची आई बसलीय, तिला ऐकू गेलं पाहिजे."

मास्तर म्हणाले. तीनदा. एक जण म्हणेना, तर तिनं त्याच्या कानफटात मारली. आणि बायको न्यायला त्याच्याऐवजी तिच्या वडिलांना बोलावलं. हे योग्य होतं असं मी म्हणत नाही. एकदा नव्या डॉक्टर मुलीच्या तोंडून सहज निघालं, "होतं मॅडम कधी कधी." अक्कानं हातातला पेपरवेट टेबलावर आपटला तो काच फोडून खाली गेला. मुलगी रडायला लागली. त्या मुलीला कारण मी सांगितलं. फक्त माझा भाग सांगितला नाही.

तो मी कुणालाच सांगितला नाही. अक्का त्या तीन शब्दांचं ओझं एकटी वाहतेय, हे मी उशाशी बसून रोज बघत होतो, आणि ते दोघांचं आहे हे मला ठाऊक होतं.

शेवटी तिला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. स्वतःची सोनोग्राफी तिनं स्वतःच वाचली आणि म्हणाली, "एक जण गैरहजर." दवाखाना त्या नव्या मुलीला देऊन ती नांदेडला धाकट्या बहिणीकडं राहायला गेली. मी दर रविवारी जायचो. त्या रविवारी ठरवून गेलो. ती खिडकीशी बसली होती, हळदीसारखी पिवळी, साडीत नुसती हाडं. बहिणीनं केटली आणि दोन कप ठेवले आणि आत गेली.

"अक्का, एक सांगायचं राहिलंय. सुरेखाचा नवरा त्या दिवशी..."

"तुझ्याकडं आला होता," ती म्हणाली. "बाकावर. तू मान वर न करता माझ्या केबिनकडं बोट केलंस."

मी मान वर केली.

"केबिनचं दार उघडं होतं. दिसलं मला. तेव्हा दोन डोळे होते."

"इतकी वर्षं बोलला नाहीत."

"काय बोलू? तो माझ्याकडं न येता जिन्यानं उतरला, तेबी दिसलं. मग मी उठून का गेले नाही त्याच्यामागं? चार पावलं होती. तू वाचत होतास. मी बघत होते. सुम्मने बस आता, गप्प. चहा घे."

तिनं केटली उचलली. डाव्या हाताचं बोट काठावर ठेवायचं ती विसरली, किंवा तेवढं बळ राहिलं नव्हतं. धार बशीत पडायला लागली, तिथून टेबलावर. मी कप उचलून धारेखाली धरला. चमचा तिच्या हाताशीच होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या मनगटाकडं.

मी हात मागं घेतला नाही. तिनं मारलं नाही. कप भरेपर्यंत ती ओतत राहिली.